पट्टीचा पोहणारा कोण?

वर्धा नदी वर्धा जिल्ह्याची पश्चिमेची सीमा आखत जाते, धाम पवनारला वळसा घालते, वणा हिंगणघाटला लागून वाहते. उन्हाळ्यात या नद्यांचे पात्र आटते आणि डोह तेवढे उरतात. पावसाळ्यात तेच पात्र एका रात्रीत दुथडी भरते. अशा नदीच्या काठी माणूस पाण्यात किती तयार आहे, हे अंतर आणि घड्याळ लावून ठरवण्यात अर्थ नव्हता. डोहात बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणे, धारेशी न झगडता तिरके जात पैलतीर गाठणे, दम लागला की उताणे पडून तरंगणे, या त्या मोजणीच्या खुणा होत्या. ढीवर आणि भोई समाजांत डोंगा हाकणे नि जाळे टाकणे हा पोटापाण्याचा धंदा, म्हणून तिथे ही परीक्षा शाळेची नव्हे, जगण्याची होती. नवशिक्यांच्या कमरेला सुका भोपळा बांधत. पाण्याची भीती किती गेली, हे तो भोपळा सुटल्यावरच कळायचे. नदीच्या धोक्याला ही जुनी मोजणी तरणतलावातल्या मोजणीपेक्षा अधिक जवळची होती, असे माझे मत आहे. ती पारखून, सुधारून घ्यायची सोडून आपण टाकूनच दिली.

तलावातली मोजणी शर्यतीसाठी जन्मली. सारखी लांबी, स्थिर पाणी, स्वच्छ तळ आणि अंगावर पोहण्याचाच पोशाख असल्याशिवाय दोन खेळाडूंची तुलना होत नाही. खेळासाठी ते योग्यच आहे. पण पंचवीस मीटर पार करणारा मुलगा गढूळ धारेत, अंगात सदरा-पँट असताना, अचानक पडल्यावर काय करील, हे त्या आकड्यातून कळत नाही. हे आता पोहण्याचे अभ्यासकही सांगतात. 2017 मध्ये रॉबर्ट स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातल्या सक्षमतेचे पंधरा घटक मांडले. त्यांत श्वासावर ताबा, तरंगणे, कपड्यांसह पोहणे, त्या ठिकाणच्या धोक्यांची माहिती आणि पाण्यात उतरायचे की नाही याचा निर्णयसुद्धा येतो. नॉर्वेने 2015 मध्ये चौथीच्या मुलांसाठी जी कसोटी ठरवली, तिच्यात खोल पाण्यात पडणे, पोहता पोहता बुडी मारून तळची वस्तू हाताने उचलणे, मध्ये तीन मिनिटे तरंगत विसावणे आणि उताणे पोहणे हे सारे आहे. तळाच्या मातीची परीक्षा तिथे अभ्यासक्रमात गेली, आणि आपल्याकडे ती डोहातच राहिली.

जुन्या पद्धतीचे हे उगाच कौतुक आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. त्या शिकण्यात पोरे बुडतही होती आणि त्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. मुलींना तर डोहाजवळ फिरकूही देत नसत. शिवाय पाण्यावर जातीचा पहारा होता. वर्ध्यातले लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले, त्या काळात गावोगावच्या विहिरी बंदच होत्या. ज्याला पाण्याला हात लावू देत नव्हते, त्याची पाण्यातली तयारी कोण मोजणार? म्हणून जुन्या मोजणीतल्या कसोट्या घ्याव्यात, तिची बंद दारे मात्र घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप असा की आता पूल झाले, नदीत उतरतो कोण? 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. ती माणसे पोहायला निघालेली नव्हती, नावेत बसली होती. तयारीची गरज नावेतल्या प्रवाशाला, घाटावर विसर्जनाला आलेल्याला आणि वाळूच्या खड्ड्याजवळ खेळणाऱ्या पोराला आहे. जिल्ह्यातल्या शाळांनी मुलामुलींची मोजणी करावी ती कपड्यांसह, अनुभवी ढीवर नावाड्याला मानधन देऊन सोबत घेऊन, आणि पहिला प्रश्न विचारावा तो वेगाचा नव्हे, तर तरंगता येते का, हा.