एकोणचाळीस मिनिटांचे भांडण

नरकचतुर्दशीच्या पहाटे गणेशपुरीला, भीमेश्वराच्या देवळाजवळच्या गरम कुंडावर स्नान करायचे, हा आमचा जुना नेम. सोबतीला मास्तर असतात. त्यांनी जन्मभर गणित शिकवले, पण आइन्स्टाईनवर त्यांचा राग! यंदा पायरीवर अंग पुसता पुसता म्हणाले, "अहो नाना, 'एकाच क्षणी' याचा अर्थ माणसागणिक निराळा, यात त्याने नवे काय सांगितले? तुमच्या आजोबांनी हेच भांडण मुंबईत केले होते."

आजोबा गिरणीत होते. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे असे. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने साडेपाच तासांची प्रमाण वेळ आणली आणि आजोबांच्या गिरणीचा भोंगा 39 मिनिटे आधी होऊ लागला. त्याच महिन्यात काही गिरण्यांतील कामगारांनी काम बंद पाडले. "साहेबाने माझी झोप चोरली," असे आजोबा मरेपर्यंत म्हणत. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी नव्या वेळेला विरोध केला, आणि तिथे मुंबई टाईम पुढे कित्येक वर्षे टिकला. वेळ सांगितली की "स्टँडर्ड की मुंबई?" असे विचारावे लागे.

आइन्स्टाईनचा निबंध छापून आला सप्टेंबर 1905 मध्ये, म्हणजे भोंगा बदलण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. त्यामुळे मलाही पुष्कळ दिवस मास्तरांसारखेच वाटे. पण भोंगा झाला तो क्षण साहेबाला आणि आजोबांना एकच होता. घड्याळात त्याला किती वाजले म्हणायचे, एवढाच वाद. आइन्स्टाईनने त्या क्षणालाच हात घातला.

समजा, धावत्या गाडीच्या दोन्ही टोकांना वीज पडली. फलाटावर मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही लखलखाट एकदम दिसले. गाडीत मधोमध बसलेला प्रवासी पुढच्या उजेडाकडे धावतो आहे. त्याला पुढची वीज आधी दिसते.

"मग उजेडाला लागलेला वेळ वजा करा की!" मास्तर म्हणाले. हा आक्षेप सर्वांनाच सुचतो. पण वजा करायचा किती? प्रवाशापासून दोन्ही टोके सारख्याच अंतरावर, आणि उजेडाचा वेग त्याच्याही लेखी दोन्हीकडून सारखाच. वजाबाकी करूनही त्याच्या हिशेबी पुढची वीज आधीच पडलेली, आणि तोही फलाटावरच्या माणसाइतकाच बरोबर.

हे पटणे सोपे नाही. 1922 मध्ये पॅरिसला बर्गसाँसारखा तत्त्वज्ञही आइन्स्टाईनशी वाद घालायला उभा राहिला. पण मास्तरांच्या खिशातला मोबाईल वाट दाखवतो तो ज्या उपग्रहांच्या जोरावर, त्यांची घड्याळे वेगामुळे रोज सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 पुढे जातात. उरलेले 38 दुरुस्त केले नाहीत, तर एका दिवसात सुमारे 11 किलोमीटरची चूक व्हायची. गणेशपुरीला निघालेला माणूस भलत्याच गावी!

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एखाद्याच्या लेखी फराळ आधी आणि स्नान नंतर?"

"छे! एका घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोहोचू शकत असेल, तर त्यांचा क्रम कोणाच्याच लेखी उलटत नाही."

एवढे मात्र त्यांनी लगेच मान्य केले, आणि पिशवीतून चकल्यांचा डबा काढला.