टाकीतली आग आणि विहिरीतलं पाणी

नरखेड तालुक्यातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर आपल्याला छप्पर आणि मशिनी दिसतात. साठा असतो जमिनीखालच्या टाकीत. या टाकीची परवानगी देणाऱ्या 'पेसो'चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं यांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या खात्याचं मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे.

खातं १८९८ सालचं, मुळात स्फोटकांसाठी काढलेलं. त्यामुळे टाकीकडे बघताना त्याला आधी आग दिसते. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे आणि त्यात तेलाचे वर्ग पडतात ते वाफ किती तापमानाला पेट घेते यावरून. पेट्रोल पहिल्या वर्गात, २३ अंशांच्याही खाली पेटणारं. ही भीती खोटी नाही. पण गळणारी टाकी बहुतेक वेळा पेटत नाही, नुसती गळते.

पंपावर रोज डिप रॉड टाकून साठा मोजतात. थोडी तूट उन्हात उडालेल्या वाफेच्या खाती जाते. रोज अर्धा लिटर गळलं तर वर्षाला १८० लिटरच्या वर, आणि खालचा काळा दगड भेगांचा. संत्र्याच्या बागा विहिरी-बोअरवर जगणाऱ्या या भागात ते पेट्रोल जाणार कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम बेंझीन ही कमाल मर्यादा. म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग!

गंमत बघा, पाण्यावर संशोधन करणारी 'नीरी'सुद्धा नागपुरातच, १९५८ पासून. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं भूजलही आपल्या कक्षेत घेतलं. तरी पंपाची टाकी आगीच्याच फायलीत राहिली. अमेरिकेनं १९८४ मध्ये कायदा करून १९८८ च्या नियमांत गळती शोधणं बंधनकारक केलं, जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला १९९८ पर्यंत मुदत दिली.

आपल्याकडे हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्या जानेवारी २०२० मध्ये. शाळा, दवाखाने, वस्ती यांपासून ५० मीटर अंतर, आणि गळती झालीच तर माती-भूजल साफ करण्याची जबाबदारी तेल कंपनीवर. पण सूचनांच्या शीर्षकातच 'नवे पेट्रोल पंप' असे शब्द आहेत.

उद्या बागेतल्या विहिरीला पेट्रोलचा वास आला तर शेतकऱ्यानं कुणाचं दार ठोठवायचं? परवाना पेसोकडे, पाणी प्रदूषण मंडळाकडे आणि डिपचं रजिस्टर पंपाच्या कपाटात.