लहर सर्वांची, संदेश कोणाचा?

दादरच्या एका शाळेत रेडिओलहरींवर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतला एक मुलगा जवळ आला. लालबागला त्याच्या चाळीवरून आगीचे बंब घंटा वाजवत जातात, पण आग कुठे लागली ते दुसऱ्या दिवशीच कळते, ही त्याची तक्रार. "सर, बंबवाल्यांचं आणि पोलिसांचं बोलणं ऐकायचं असेल तर पहिला स्कॅनर कुठला घ्यावा? लॅमिंग्टन रोडला मिळेल का?" मी म्हटले, "अरे, त्याला परवाना लागतो." त्यावर तो म्हणाला, "ऐकायलासुद्धा?"

या 'ऐकायलासुद्धा'चे उत्तर मला तिथल्या तिथे नीट देता आले नाही. परतताना वाटले, लॅमिंग्टन रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरगावात या प्रश्नाचा इतिहास घडला आहे. तोच सांगायला हवा होता.

प्रथम स्कॅनर म्हणजे काय ते पाहू. आपला साधा रेडिओ एका वेळी एका वारंवारतेवर लावून ठेवतात. स्कॅनर हे असे ग्राहकयंत्र, की जे ठरवून दिलेल्या अनेक वारंवारता एकामागून एक भराभर तपासते आणि जिथे बोलणे सुरू असेल तिथे थांबते. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांचे बोलणे सतत चालू नसते; चार वाक्ये आणि मग शांतता. म्हणून हे 'फिरते कान' लागतात. अमेरिकेत या छंदाला जुनी परंपरा आहे. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले. पुढच्या दशकात तिथल्या अनेक घरगुती सेटवर पोलिसांचा पट्टा असे आणि जेवणानंतर लोक तो ऐकत बसत. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याचा रोख ऐकण्यापेक्षा ऐकलेले दुसऱ्याला सांगण्यावर आणि त्याचा फायदा उठवण्यावर होता.

आपल्याकडचा कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा, पण वेगळ्या वळणाचा. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. यामागचे कारण ऐकून विद्यार्थ्यांना गंमत वाटेल. मुंबईत नभोवाणीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. ऐकणाऱ्यांनी परवाना घ्यावा आणि त्या शुल्कातून केंद्र चालावे, अशी योजना होती. पण पुष्कळ लोक शुल्क न भरताच ऐकत. घरात बसून कोणी काय ऐकले हे सिद्ध करणे अवघड. सेट सापडणे त्यामानाने सोपे. तेव्हा बंदी घातली ती सेटवरच. म्हणजे शुल्कचुकव्यांसाठी कायदा झाला, पण त्याचे जाळे एवढे मोठे विणले गेले की पुढे त्यात कोणीही सापडावे.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. हौशी रेडिओवाल्यांचे परवाने थांबले आणि प्रक्षेपक सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. विदर्भात चिमूर आणि आष्टी इथे काय घडले, हे सरकारी नभोवाणीवर ऐकू येण्याची शक्यता नव्हती. अशा वेळी २७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' नावाच्या इमारतीतून एक नवेच केंद्र बोलू लागले. ते ४२.३४ मीटरवर होते आणि स्वतःला 'काँग्रेस रेडिओ' म्हणवीत होते.

केंद्रावरून बोलणाऱ्यांत उषा मेहता होत्या. त्या तेव्हा २२ वर्षांच्या, विल्सन कॉलेजच्या पदवीधर. सोबत बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. शिकागो रेडिओ या प्रसिद्ध कंपनीचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली. प्रक्षेपक उभा करण्याचे ज्ञान नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाचे. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर पुरवीत. चिमूरची हकिगत लोकांना कळली ती अशा मार्गांनी.

आता वर्गातले गणित. लहरीचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. म्हणून ३०० ला मीटरमधल्या तरंगलांबीने भागले की वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. ही लघुलहर आहे. तिचा एक भाग जमिनीलगत काही किलोमीटर जातो आणि दुसरा वर जाऊन आयनांबराकडून परततो व शेकडो किलोमीटरवर उतरतो. म्हणून गिरगावातला आवाज दूरच्या प्रांतांत पोहोचू शकत होता. पण या लहरीला साजेसा अर्धतरंग एरियल सुमारे २१ मीटर लांब हवा. तो लपवणार कुठे? याउलट अग्निशमन दलासारख्या सेवांनी पुढे ज्या १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरल्या, त्यांची तरंगलांबी २ मीटर. त्यांचा पाव-तरंग एरियल अर्धा मीटरच भरतो, म्हणून तो मोटारीच्या टपावर मावतो. पण त्या लहरी आयनांबराकडून परतत नाहीत, शहरापुरत्याच राहतात.

केंद्र बोलू लागले तसे पोलीसही ऐकू लागले. प्रक्षेपकाची दिशा शोधण्याचे तत्त्व आपल्याला शाळेत दाखवता येते. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घ्या, स्थानिक आकाशवाणी केंद्र लावा आणि संच आडवा ठेवून सावकाश गोल फिरवा. आत फेराइटची कांडी असते. एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. तेव्हा कांडीचे टोक केंद्राच्या दिशेने असते. मात्र केंद्र पुढे आहे की मागे, हे एकाच जागेवरून कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच करा, नकाशावर दोन्ही रेषा काढा. त्या जिथे छेदतील तिथे केंद्र. शाळेच्या गच्चीवर आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी, असा हा प्रयोग एका शनिवारी होतो. लोखंडी सळ्यांच्या इमारतीत उत्तर चुकते, म्हणून शक्यतो मोकळ्यावर करावा.

चूक किती महागात पडते तेही काढून पाहावे. प्रक्षेपक २ किलोमीटरवर आहे आणि दिशा ५ अंशांनी चुकली, तर जागा सुमारे १७५ मीटरने चुकते. माळरानावर हे काहीच नाही. पण गिरगावात १७५ मीटरांत किती वाड्या, किती चाळी आणि किती जिने येतात! शिवाय काँग्रेस रेडिओ एका जागी थांबत नव्हता. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मी अशा त्याच्या जागा खटल्यात पुढे आल्या. ध्वनिमुद्रण एकीकडे आणि प्रक्षेपण दुसरीकडे, अशी विभागणीही होती. शेवटी पोलिसांना दारापर्यंत नेले ते माहीतगार माणसाने. प्रिंटर पकडले गेले आणि १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पारेखवाडीतले केंद्र चालू असतानाच छापा पडला. खटल्यात उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, बाबूभाई खाकरांना पाच, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले.

खटला उभा करण्यासाठी पोलिसांनी ही भाषणे ऐकून लिहून घेतली होती. आज काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे अभ्यासकांना मुख्यतः या नोंदींवरूनच कळते. ज्यांनी तो आवाज बंद पाडण्यासाठी ऐकला, त्यांच्याच कागदांत तो टिकला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. लहर सगळीकडे पसरते. कोणाच्या एरियलवर पडावे हे ती विचारत नाही. काँग्रेस रेडिओची लहर आणि आगीच्या बंबावरची लहर यांत भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फरक आहे तो फक्त तरंगलांबीचा. खरा फरक बोलणाऱ्याच्या मनात असतो. उषा मेहता 'सर्वांनी ऐकावे' म्हणून बोलत होत्या. नियंत्रण कक्ष बंबावरच्या अधिकाऱ्याशी बोलतो तेव्हा ते बोलणे एकासाठी असते. त्यात कोणाचा पत्ता असतो, रुग्णवाहिकेच्या संदेशात कोणाचा आजार असतो. ते ऐकून परळच्या अरुंद गल्लीत शंभर माणसे आग बघायला आधीच जमली, तर बंबाला वाट मिळणार नाही. १९३३ च्या कायद्याने हा भेद केला नाही. त्याने यंत्रच धरले. म्हणून पुढे तोच कायदा शुल्कचुकव्यालाही लागू होई आणि स्वातंत्र्यसैनिकालाही.

आकाशवाणी ऐकण्यासाठी टपाल कार्यालयात परवाना घेण्याची पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्याला संपली. रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची अट मात्र २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे आणि दुसऱ्यांचे संदेश बेकायदा टिपण्याला शिक्षाही आहे. संगणकाला जोडायचे बोटाएवढे ग्राहकयंत्र आज स्वस्तात मिळते, म्हणून हे मुलांना सांगायला हवे. शिवाय जगभर अनेक आपत्कालीन सेवा सांकेतिक अंकीय पद्धतीकडे गेल्या आहेत. तिथे स्कॅनर घेतला तरी खरखरच ऐकू येते.

मग त्या मुलाला काय द्यावे? माझ्या मते पहिली खरेदी लघुलहरींच्या चांगल्या रेडिओची असावी. 'सर्वांसाठी' बोलणारी देशोदेशीची केंद्रे ऐकत त्याने नोंदवही ठेवावी: वेळ, वारंवारता, आवाजाचा दर्जा. मग हौशी रेडिओचा परवाना असलेल्या एखाद्याकडे त्याला घेऊन जावे. आपल्याकडे वयाच्या बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. १९९३ च्या लातूरच्या भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी संदेशवहनाला हातभार लावला होता. आपत्तीत नुसते ऐकण्यापेक्षा तिथे उपयोगी पडण्याची ही सरळ वाट आहे. हौशींना मिळालेला एक पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे. ४२.३४ मीटरचे गणित केलेल्या विद्यार्थ्याला ती जागा ओळखता येईल.

त्या शाळेत पुन्हा जाणार आहे. या वेळी जाताना एक ट्रान्झिस्टर आणि गिरगाव ते लालबागचा नकाशा बरोबर नेईन.