हिरण्यकेशी धरून समुद्राकडे

मे १९६७. पहाटेचे पाच वाजलेत. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि निपाणीच्या स्टँडवर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघताय. वखारींकडून तंबाखूचा खाट येतोय. बाहेरगावचा माणूस इथं उतरला की आधी शिंकतो. तुम्हाला तो वास जाणवतही नाही. माल विकला गेलाय, आण्णांच्या हातात चार पैसे आलेत आणि मिरगाला तीन आठवडे आहेत. शेतकऱ्याच्या घराला वर्षात एवढीच सवड.

ट्रंकेशेजारी गाठोडी आहेत. गुळाची ढेप, संकेश्वरी मिरची, हरभऱ्याची डाळ, शेंगांची पिशवी. आत्याला शिरोड्याला दिलंय, आणि लेकीच्या घरी आज्जी रिकाम्या हातानं जाणार नाही. वाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे वेगळ्या फडक्यात बांधलेत.

बाकड्यावरची माणसं महाजन आयोगाबद्दल बोलताहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली, आणि आता आयोगाचा निकाल यायचाय. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: ऑगस्टमध्ये अहवाल येईल, निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं त्यात लिहिलेलं असेल, आणि तसं होणार नाही. पण दहा वर्षांच्या पोराला हे सांगता येत नाही. तेवढ्यात गाडी लागते आणि आज्जी ओरडते, "चल की रं, जागा धर!"

संकेश्वरला पूल येतो. खाली नदीचं पात्र उघडं पडलंय, डोहात म्हशी बसल्यात. आज्जी खिडकीतून हात जोडते. "ही हिरण्यकेशी. आज दिवसभर हिच्याच संगतीनं जायाचं."

"ही कुठनं येती गं आज्जी?"

"समुद्रातनं."

आण्णा हसतात. "काय तरी सांगतीस व्हय आई. आंबोलीतनं येती."

आज्जी उत्तर देत नाही.

हिटणीपाशी म्हैसूर राज्य संपतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. बाहेर तोच ऊस आहे, तीच माती. गाडीतलं बोलणंही तेच: अर्धं मराठी, मध्येच एखादा कन्नड शब्द, आणि पलीकडच्या बाकावर नात्यांची उजळणी, कुणाची मुलगी कुठे दिली याची. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेकी दिलेल्या आहेत. सीमा कागदावर आली तेव्हा ही नाती जुनी झालेली होती.

गडहिंग्लजला गाडी बदलता. आजऱ्याकडे निघाल्यावर माती हळूहळू लाल होते, ऊस मागे पडतो, भाताची मोकळी खाचरं दिसू लागतात. आजऱ्याला उतरून सगळे रामतीर्थावर जाता. इथं हिरण्यकेशी काळ्या कातळांवरून उतरते. मे महिन्यातही पोरांना डुंबण्यापुरतं पाणी आहे. काठावर रामाचं देऊळ. ओल्या अंगानं कातळावर बसून खाल्लेल्या दशमीची चव तुम्हाला पुढे कुठल्याही हॉटेलात सापडणार नाही.

दुपारनंतर आंबोली. गाडीतून उतरताच हवा अंगाला थंड लागते. रस्त्याकडेला पोरी पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्यात. आण्णा सगळ्यांना पायवाटेनं झाडीतून उगमाकडे नेतात. गुहेतून पाणी येतं, देवळाशेजारच्या कुंडात साठतं आणि तिथून ओहोळ होऊन निघतं. संकेश्वरला जिच्यावर पूल बांधावा लागला, ती नदी इथं तुम्ही एका ढांगेत ओलांडता.

कुंडाच्या तळाशी बोटाएवढे मासे सुळकन दगडाआड जातात. त्यांतल्या एका जातीला अजून शास्त्रात नाव नाही. २०२० साली अभ्यासक तिचं वर्णन प्रसिद्ध करतील आणि नदीचंच नाव देतील: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकार ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करेल. आज मात्र आज्जी एवढंच सांगते, "हितं पाय धुवू नगंस. लोकांच्या प्यायचं पाणी हाय."

मग आण्णा तुम्हाला पश्चिमेच्या कड्यावर उभं करतात. खाली कोकण पसरलंय. इथून समुद्र सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. पावसाळ्यात तिकडून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथंच रिते होतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब पश्चिमेला न जाता आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतो, गोकाकला ५२ मीटर खाली उडी घेतो, कृष्णेत शिरतो आणि हजार किलोमीटरांहून जास्त वाट चालून बंगालच्या उपसागराला पोचतो. सांगता सांगता आण्णा थांबतात, आईकडे बघतात. "म्हंजी आई बरोबरच म्हणत होती की."

घाट उतरताना थोरली बहीण, आक्का, आवळा चोखत डोळे मिटून बसते. सावंतवाडीला मोती तलावाच्या काठानं चितारआळीत जाता. आण्णा तुम्हाला लाखेच्या रंगाचा लाकडी भोवरा घेऊन देतात. शिरोड्याला पोचता तेव्हा अंधार पडलेला असतो. आत्या उकड्या तांदळाचा भात वाढते, वर बांगड्याची कढी, शेजारी वाटीत सोलकढी. आज्जी माळकरी, तिच्यासाठी फणसाची भाजी वेगळी शिजवलीय.

पहाटे आत्याचा मुलगा तुम्हाला उठवून किनाऱ्यावर नेतो. रापण लागलीय. होडीनं समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडलंय आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवर आलेत. दोन रांगा दोर खेचत मागे सरकताहेत आणि हळूहळू एकमेकींजवळ येताहेत. एक म्हातारा रापणकार तुम्हाला विचारतो, "खंयचो रे तू?"

"निपाणीचा."

"मगे बघतंस काय? ओढ बाबू, वाटो गावतलो."

तुम्ही दोर धरता. काथ्यानं तळवे सोलवटतात, टाचा वाळूत रुततात. जाळं वर येतं तेव्हा तारली आणि बांगडे उन्हात तडतडत असतात. वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, प्रत्येक ओढणाऱ्याचा. पाहुण्याचा म्हणून तुमचा वाटा कमी होत नाही, वाढतही नाही. जो दोराला हात लावेल त्याचा वाटा, हा इथला कायदा.

ऊन चढल्यावर मिठागरं. चौकोनी वाफ्यांत खाऱ्या पाण्याचं मीठ धरलंय, माणसं फळीनं ते कडेला ओढून ढीग घालताहेत. पाऊस लागण्याआधी सगळं उचलायचंय. आत्याचे सासरे बांधावर उभे राहून १९३० सालचा मे महिना सांगतात: सत्याग्रही मीठ उचलायला इथं आले आणि पोलिसांच्या लाठ्या त्यांनी कशा झेलल्या. गावच्या शाळेत तेव्हा वि. स. खांडेकर शिकवत होते. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून, पुढे गाड्यांतून घाट चढत होती. वरून धान्य, गूळ, मिरची उतरत होती. आज्जीची गाठोडी हा त्याच व्यापाराचा घरगुती भाग आहे. परत जाताना त्याच फडक्यांत आमसुलं, खोबरं, ओले काजू बांधले जातील.

आता आजच्या काळात या. संकेश्वर ते बांदा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झालाय. निपाणी-बेळगावची कुटुंबं सुट्टीला सकाळी निघतात आणि दुपारचं जेवण गोव्यात घेतात. आंबोलीला थांबणं होतं ते पावसाळ्यात, रस्त्यालगतच्या धबधब्याखाली फोटो काढण्यापुरतं. मागे प्लास्टिकच्या बाटल्या राहतात. त्या बाटल्या ज्या पाण्यात जातात ते पाणी घाटाखालच्या गावांकडे निघालेलं असतं, हे गाडीतल्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून माझी मनापासून विनंती आहे. या मे महिन्यात मुलांना घेऊन निघाल, तेव्हा चार ठिकाणी गाडी थांबवा: संकेश्वरच्या पुलावर, रामतीर्थावर, आंबोलीच्या उगमाशी आणि कड्यावर. मुलांना दाखवा की ही एकच नदी आहे. मग खाली उतरून रापण लागलेली दिसली, तर त्यांना दोराला हात लावू द्या. आणि जुलैत संकेश्वरला पाणी पात्राबाहेर येईल, तेव्हा त्यांना पुन्हा पुलावर न्या. त्या लाल पाण्याकडे बघून, आपल्या गावाला समुद्र आहे, एवढं त्यांना स्वतःहून म्हणता आलं, तर ती सहल पुरी झाली.