पत्त्याचे पान आणि इतिहासाचे पान

मराठी भाषेत 'पान' हा शब्द मोठा सोयीचा आहे. झाडाचे पान, पंगतीतले पान, पुस्तकाचे पान आणि पत्त्यांतलेही पानच! इतिहासाच्या पुस्तकाचे पान उघडले की विद्यार्थ्यांना जांभई येते आणि पत्त्याचे पान हाती पडले की त्यांचे डोळे चमकतात, हा प्रत्येक इतिहास शिक्षकाचा अनुभव आहे. ही दोन पाने एकत्र आणता येतील काय, हा विचार माझ्या मनात घोळत होता. अशातच गेल्या वर्षी सुट्टीनंतर नववीतील एक विद्यार्थी एक खोके घेऊन माझ्याकडे आला. मुंबईच्या मामूंनी त्याला एक खेळ भेट दिला होता. आत जगाच्या नकाशाचा पट, रंगीत सोंगट्या, फासे आणि थोडे पत्ते. जग जिंकण्याचा तो खेळ! "सर, यात आपला देश आहे, पण आपला इतिहास कुठेच नाही," अशी त्याची तक्रार होती. तक्रार रास्त होती. तिच्यातून आमच्या वर्गाचा वर्षभराचा उद्योग निघाला. त्याची हकीकत पालकांपुढे ठेवावी, यासाठी हा लेखप्रपंच.

पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. जुगाराची ही धास्ती योग्यच आहे. म्हणून प्रथमच सांगतो, आमच्या खेळात पैसा नाही आणि पैज नाही. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी आपल्या हाताने लिहिलेली पाने एवढेच आमचे भांडवल.

अशा खेळांची परंपरा आपल्याला परकी नाही. पटावर सैन्य मांडून लढण्याचा चतुरंगाचा खेळ भारतातून इराणात गेला, अरबांकडे तो शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोचला. अल्बेरुनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात चार खेळाडूंनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. पत्त्यांचेही तसेच. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफाचे वर्णन अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त केले आहे. मोगल गंजिफात आठ रंग व ९६ पाने असत. हाच खेळ आपल्या सावंतवाडीत आला आणि तेथील चिताऱ्यांनी दहा अवतारांचे दहा रंग करून १२० गोल पानांचा दशावतारी गंजिफा घडविला. मोगल दरबारचा खेळ, त्यावर विष्णूचे अवतार आणि हात कोकणी कारागिरांचे! आपल्या संस्कृतीचा ताणाबाणा कसा विणला गेला आहे, हे सांगायला ते एक पान पुरेसे आहे.

युरोपात पुढे या खेळांना वेगळे वळण लागले. प्रशियाच्या लष्कराने १८२४ पासून नकाशावरील युद्धखेळाचा उपयोग अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी केला. १९५७ साली आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने जग जिंकण्याचा जो खेळ काढला, तोच 'रिस्क' या नावाने सर्वत्र पसरला. आमच्या विद्यार्थ्याच्या खोक्यात तोच होता. त्यातील पत्त्यांवर प्रदेशांची नावे आणि पायदळ, घोडदळ, तोफखाना यांची चित्रे असतात. घटना मात्र एकही नाही. ती उणीव नंतरच्या खेळांनी भरून काढली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर एक खेळ निघाला, त्यात ऐतिहासिक घटनांची पाने होती. २००५ साली अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्या शीतयुद्धावर 'ट्वायलाइट स्ट्रगल' हा खेळ आला. त्यात सुएझचा पेच आहे, इजिप्तचे नासर आहेत, भारत-पाकिस्तान युद्धही आहे.

या शेवटच्या खेळाचा एक नियम मला फार मोलाचा वाटला. त्यात प्रतिपक्षाच्या फायद्याची पानेही आपल्याच हातात येतात. असे पान आपल्या चालीसाठी वापरले, तरी त्यावरची घटना घडतेच आणि तिचा लाभ समोरच्याला मिळतो. एखादे पान काही काळ मागे ठेवता येते, पण नकोशी सगळीच पाने कायमची दडवता येत नाहीत. ती केव्हा खेळावी, एवढेच आपल्या हाती असते. मनात आले, इतिहास शिकण्याचा नियम याहून वेगळा काय आहे? सोयीची पाने मिरवायची आणि गैरसोयीची गादीखाली सारायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

म्हणून आम्ही आमच्या पानांसाठी दोन नियम केले. प्रत्येक पानावर सन आणि घटना, आणि त्याखाली तीन ओळी : कारण काय, परिणाम काय आणि किंमत कोणी मोजली. दुसरा नियम असा की, आपल्या पक्षाविरुद्ध जाणारे पानही मोठ्याने वाचूनच पटावर ठेवायचे.

पहिले पान सोपे निघाले. १८६१, अमेरिकेतील यादवी युद्ध. मुलांना वाटले, याचा आपल्याशी काय संबंध? पण दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे रोखली गेली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला, नव्या बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि बँका बुडाल्या. 'किंमत कोणी मोजली' या ओळीत मुलांनी दोन नावे लिहिली, ज्यांच्या घामावर तो अमेरिकन कापूस पिकत होता ते गुलाम आणि भाव पडल्यावर कर्जात राहिलेला आपला शेतकरी. सात समुद्रांपलीकडचे एक पान उलटले की आपल्या अंगणातली सोंगटी हलते, हे त्या दिवशी वर्गाला न शिकवता समजले.

दुसऱ्या पानावर मात्र वर्ग अडला. १४ जानेवारी १७६१, पानिपत. दोन बाजू मांडायच्या होत्या. एक मुलगा सोंगट्या हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, मी कोणत्या बाजूला बसू?" पालकहो, हा प्रश्न खेळाचा नव्हता. आपल्या मुलांना हा प्रश्न कोठे ना कोठे, कोणी ना कोणी विचारलेला असतो.

मी फळ्यावर चार नावे लिहिली. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारदी याच्या हाती होते. पूर्वी तो निजामाच्या चाकरीत होता. पानिपतावर तो भाऊसाहेबांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला होता. त्याच्या फौजेत अनुपगिर गोसावी आपल्या नागा साधूंसह होता. शुजाच्याच पदरी काशीराज हा दक्षिणी पंडित होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवली आणि आजही इतिहासकार तिचा आधार घेतात. आता सांगा, कोणती बाजू कोणाची? तो मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मग मी तोफखान्यापाशी बसतो."

तिसरे पान आपल्या विरुद्ध जाणारे होते आणि ते मी मुद्दाम काढले. मुद्रणकला. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गने जर्मनीत पुस्तके छापली. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. १५८० मध्ये जेझुइट पाद्र्यांनी अकबर बादशहाला छापील बायबल नजर केले, परंतु मोगल दरबाराने छापखाना काढला नाही. तिकडे इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतफर्रिकाला अरबी लिपीतील छपाईची परवानगी मिळाली ती १७२७ साली, आणि त्याचे पहिले पुस्तक निघाले १७२९ साली. सुंदर हस्ताक्षरांच्या किताबांचा आपल्याला अभिमान होता आणि तो असावाही. पण ज्या समाजात एकेकाळी बगदादची ग्रंथालये नांदली, त्याने स्वस्त पुस्तकाचे महत्त्व ओळखायला पावणेतीनशे वर्षे लावली. 'किंमत कोणी मोजली' या ओळीत एका विद्यार्थिनीने दोनच शब्द लिहिले, 'आम्ही सर्वांनी.' यावर मी काही भाष्य केले नाही. त्याच पानाला जोडून तिने पुढचे पान ठेवले : १८७४, मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना, बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींचा पुढाकार. विरुद्ध पान स्वीकारल्यावरच पुढची खेळी सुचते, ती अशी.

चौथे पान आपल्या मातीतले. १९२७, मुळशी धरण पूर्ण. मुलांच्या एका गटाने लिहिले, 'परिणाम : भिरा येथे वीज तयार झाली, मुंबईच्या गिरण्या व रेल्वेला शक्ती मिळाली. तीन गुण.' तेव्हा धरणाच्या काठच्या वाडीवरून येणारी एक मुलगी उठली. "सर, गुण मुंबईवाल्याला मिळाले. आमच्या दादी सांगतात, आमचे जुने गाव पाण्याखाली आहे. त्याची सोंगटी कुठे ठेवायची?" जगाच्या त्या पटावर मुळशीला घर नव्हते. बोट टेकविले तर सारा पुणे जिल्हा झाकून जाई.

मग आम्ही ते पान पुन्हा लिहिले. मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण बांधायला टाटा कंपनीने सुरुवात केली, तेव्हा मावळातील पन्नासावर गावांवर गंडांतर आले. ती भाताची सुपीक जमीन होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ती घेता येत होती आणि कसणाऱ्याच्या संमतीची गरज नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी काम बंद पाडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पुढारी होते. याच लढ्यात बापटांना लोकांनी 'सेनापती' ही पदवी दिली. बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. पण जमिनींचे मालक असलेले अनेक सावकार पुण्यात राहत, त्यांना मोबदला पुरेसा वाटला. कसणाऱ्या कुळाला मात्र जमीनच हवी होती. एकी फुटली, पुढारी गजाआड गेले. १९२४ मध्ये बापटांनी कामाची रेल्वेगाडी अडविली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे अर्धशतक उलटल्यावर.

वर्गात वाद झाला. वीज वाईट होती काय? नव्हती. आपण सारे दिव्याखालीच अभ्यास करतो. मग सत्याग्रह चुकीचा होता काय? तोही नव्हता. अखेर मुलांनीच तोडगा काढला. धरण आणि सत्याग्रह ही दोन पाने दोऱ्याने एकत्र बांधायची. जो विजेचे गुण घेईल, त्याने बुडालेल्या गावांचे पान सर्वांसमोर वाचलेच पाहिजे. त्या मुलीने पटाच्या कडेला, अरबी समुद्राच्या निळ्या रंगालगत, एक छोटी सोंगटी ठेवली. वर्षभर ती कोणी हलविली नाही.

आज आमच्याकडे अशी ८४ पाने आहेत. काही चुकीची निघाली, ती तपासून पुन्हा लिहिली. वार्षिक परीक्षेत किती गुण वाढले, हे मी सांगत नाही, कारण त्यासाठी हा खेळ नव्हता. पण 'हे का झाले?' आणि 'सोसले कोणी?' हे दोन प्रश्न आता मुले आपणहून विचारतात.

पालकांना एकच विनंती आहे. घरात दादा-दादी, नाना-नानी असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. कोणते गाव सोडले, कोणता धंदा बुडाला, कोणत्या वर्षी पहिला मुलगा वा मुलगी शाळेत गेली, हे विचारू द्या. एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि एक पेन्सिल, एवढा खर्च पुरे. आणि विद्यार्थी मित्रांनो, हातात येणारी सर्वच पाने हुकमाची नसतात. जे आले ते ओळखा, लपवू नका, आणि विचार करून खेळा. पुढचा डाव तुमचा आहे.