आमदारसाहेब, तीन हिशेब द्या! बाबासाहेबांचे विधिमंडळ आणि आमची परभणी

१४ एप्रिल आला की परभणीच्या चौकाचौकात आमदारांचे फ्लेक्स लागतात. पुतळ्याला हार घातला जातो, फोटो निघतो आणि गाडी पुढच्या चौकाकडे निघून जाते. त्या हाराबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना तुम्ही हार घालता ते बाबासाहेब स्वतः आमदार होते, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि आमदार म्हणून त्यांनी सभागृहात काय केले, हे आपल्या तरुणांना तरी माहीत आहे का?

संविधानाचे शिल्पकार आपल्याला पाठ आहेत, महाड आणि नाशिक पाठ आहे. पण १९२७ ते १९३९ या काळातले मुंबई विधिमंडळातले बाबासाहेब आपण फारसे वाचत नाही. वाचले तर लक्षात येते की ते सरकारला पुन्हा पुन्हा तीन गोष्टींचा हिशेब मागत होते: पैशाचा, आरोग्याचा आणि बंदुकीचा.

पहिला हिशेब पैशाचा. १९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. सरकारने नेमलेला माणूस सरकारची तळी उचलेल, असा सगळ्यांचा अंदाज. पण २४ फेब्रुवारीच्या पहिल्याच अंदाजपत्रकावरच्या भाषणात त्यांनी करपद्धतीच्या मुळावर बोट ठेवले. प्राप्तिकराला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी आहे, मग शेतसाऱ्याला का नाही? अर्ध्या एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, पीक येवो की बुडो, सारा भरलाच पाहिजे, हा कुठला न्याय? पुढच्याच महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडेच मांडले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. लोकांकडून दारूच्या नावाने जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. अंदाजपत्रक कसे वाचावे, याचा हा धडाच आहे. पैसा कुणाच्या खिशातून येतो आणि कुणाच्या ताटात जातो, एवढेच बघायचे.

दुसरा हिशेब आरोग्याचा. जुलै १९२८ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा देण्याचे विधेयक सभागृहात आले. त्याला विरोध होता. उद्योगावर बोजा पडेल, ही मालकांची नेहमीची रड होतीच. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग खरे तर सरकारनेच उचलायला हवा. पण मालकालाही तिच्या श्रमाचा फायदा मिळतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. पुढे १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. स्त्रीच्या शरीराची हेळसांड हा विधिमंडळाचा विषय आहे, हे त्या काळात सांगायलाही धाडस लागत होते.

तिसरा हिशेब बंदुकीचा. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्याने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, असे बाबासाहेबांनी सभागृहात ठणकावले. ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. चौकशी समिती नेमली गेली. मार्च १९३९ मध्ये तिच्या अहवालावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सत्ताधाऱ्यांना आरसा दाखवला. आपल्याच मंत्र्याने आपल्याच लोकांवर गोळ्या झाडायच्या आणि तो आपल्या पक्षाचा म्हणून बाकीच्यांनी त्याची पाठराखण करायची, हेच स्वराज्य असेल तर ते वरदान नसून शाप आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

त्या वेळी आमची परभणी कुठे होती? निजामाच्या राज्यात. इथल्या माणसाला सभागृहात जाब विचारणारा, त्याने निवडलेला प्रतिनिधीच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा मुक्त झाला, १९५२ मध्ये मतपेटी आली. सभागृह मिळाले, हिशेब मात्र मिळाला नाही. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्या ठरावाची शिक्षा आमच्या वस्त्यांनी भोगली. परभणी, नांदेडच्या गावागावात घरे जळाली. ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, तोही नामविस्तार म्हणून.

बंदुकीचा हिशेब तर आजही बाकी आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण आले. विधानसभेत मात्र सरकारने मारहाण झालीच नाही, असे सांगितले. गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. एका आईला जे सभागृहात मिळायला हवे होते, ते कोर्टाची पायरी चढून मिळवावे लागले. १९३९ चे ते भाषण जुने झाले, असे कोण म्हणेल?

बाकीचे दोन हिशेबही तपासा. परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ मध्ये, तेही लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. त्या बहिणींत आमच्याही आयाबहिणी आहेत. पण एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचे आणि त्याला ओवाळणी म्हणायचे? आंध्र, कर्नाटक, तेलंगणाने अनुसूचित जातींच्या निधीसाठी कायदा केला. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने अजून केलेला नाही.

काही मित्र म्हणतात, आपले आमदारच नाहीत तर विचारणार कुणाला? जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी हे चारही मतदारसंघ खुले आहेत, हे खरे. पण मत तर चौघेही मागतात ना? आणि १९२७ चे बाबासाहेब आठवा. पाठीशी पक्ष नाही, बहुमत नाही, हातात फक्त अंदाजपत्रकाचे पुस्तक आणि अभ्यास. तेवढ्यावर त्यांनी सरकारला जाब विचारला.

म्हणून तरुणांनो, येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतला थोडा पैसा बाजूला काढा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दुसरा खंड विकत आणा, त्यात ही विधिमंडळातली भाषणे आहेत. विहाराविहारात वाचा. आणि आमदार हार घालायला आले की एक कागद त्यांच्या हातात द्या. त्यावर तीनच प्रश्न लिहा: कोठडीतल्या मृत्यूवर तुम्ही सभागृहात काय बोललात? जिल्ह्याच्या दवाखान्यांसाठी काय मागितलेत? आमच्या हक्काचा निधी वळवला तेव्हा हात वर केलात की खाली ठेवलात?

उत्तर लेखी मागा. जयभीम!