आस्टा नील्सेन : मूकपटातील अभिनय व त्याची आर्थिक बैठक

रंगभूमीवर उपेक्षित राहिलेली नटी एका चित्रपटाने कीर्तीस चढली आणि बोलपट येताच तिची कारकीर्द संपली, असे डॅनिश अभिनेत्री आस्टा नील्सेन (१८८१–१९७२) हिच्याविषयी सामान्यतः सांगितले जाते. यातील पूर्वार्ध यथार्थ आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

कोपनहेगन येथील एका कष्टकरी कुटुंबात जन्मलेल्या आस्टाने तेथील रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतले. त्यानंतर कित्येक वर्षे ती रंगभूमीवर वावरली; परंतु मोठ्या भूमिका तिच्या वाट्यास क्वचितच आल्या. १९१० मध्ये उर्बान गाड याने तिला नायिका करून 'आफग्रुन्डेन' (गर्ता) हा चित्रपट काढला. त्याच्या अखेरीस प्रियकराची हत्या केलेली नायिका आक्रोश करीत नाही. शून्य नजरेने, जड पावलांनी ती चालत येते. रंगमंचीय हातवारे आवरून देहाच्या ठेवणीतूनच भाव प्रकट करण्याची ही रीती कॅमेऱ्यास अनुरूप होती.

तथापि केवळ अभिनयगुणांनी तिचे स्थान निर्माण झाले नाही. तोवर चित्रपटांच्या प्रती लांबीच्या मापाने सरसकट विकल्या जात. १९११ पासून पॉल डेव्हिडसन या जर्मन व्यावसायिकाने तिच्या चित्रपटांची मालिकाच हाती घेतली व प्रदेशवार एकाधिकाराने त्यांचे वितरण चालविले. चित्रपट तयार होण्यापूर्वीच तो तिच्या नावावर विकला जाऊ लागला. नटीचे नाव हेच भांडवल ठरल्यामुळे कथा व भूमिका यांच्या निवडीतही तिचा शब्द चालू लागला.

या स्वातंत्र्याचे उत्तम फळ म्हणजे तिच्या स्वतःच्या निर्मितिसंस्थेचा 'हॅम्लेट' (१९२१) होय. हॅम्लेट ही वस्तुतः स्त्री होती, या एडवर्ड व्हाइनिंगने १८८१ मध्ये मांडलेल्या तर्काचा येथे आधार घेतला आहे. राज्याला वारस हवा म्हणून राजपुत्राच्या वेषात वाढविलेली ही राजकन्या आपले प्रेमही व्यक्त करू शकत नाही. शेक्सपियरचा शब्द वगळूनही ही शोकांतिका मुद्रेवर उभी राहते. या चित्रपटाची रंगीत प्रत २००५ मध्ये सापडली व जीर्णोद्धारानंतर २००७ मध्ये बर्लिन येथे दाखविण्यात आली.

आता उत्तरार्धाकडे वळू. १९१७ मध्ये 'उफा' ही बलाढ्य संस्था स्थापन झाली व डेव्हिडसनची कंपनी तीत विलीन झाली. युद्धोत्तर काळात निर्मितीचा केंद्रबिंदू नटीकडून संस्था व दिग्दर्शक यांच्याकडे सरकला. पाब्स्टच्या 'दी फ्रॉइडलोझे गासे' (१९२५) मध्ये तिची भूमिका प्रभावी आहे. पण तेथे ग्रेटा गार्बोसारख्या तरुण अभिनेत्रीसह ती अनेकांपैकी एक आहे. तिचे अखेरचे मूकपट १९२७ चे, म्हणजे जर्मनीत बोलपट रूढ होण्यापूर्वीचे आहेत. त्यानंतर ती जर्मन रंगभूमीवर परतली. अर्थात वाणी हा तिच्यापुढील अडसर नव्हता. १९३२ मध्ये तिने एका बोलपटातही काम केले. तो तिचा एकमेव बोलपट होय. नाझी राजवटीत ती मायदेशी परतली.

यावरून असे दिसते की, आस्टा नील्सेनचा अस्त ध्वनीने घडवून आणला नाही. ज्या व्यवस्थेने अभिनेत्रीस स्वामित्व दिले होते, तीच व्यवस्था आधी लोप पावली. कलावंताच्या उदयास्ताची मीमांसा करताना कलागुणांइतकेच उत्पादनसंबंधही विचारात घ्यावे लागतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.